बाबांचा एक इंग्रजी शब्द

माझ्या बाबांना इंग्रजीतला एकच शब्द वाचता येत होता, आणि तो चांगला दहा अक्षरांचा होता. त्यातलं एखादं अक्षर एकटं काढून विचारलं तर त्यांना सांगता यायचं नाही. पण दहाही अक्षरं ओळीनं उभी राहिली की ते लगेच बोट ठेवून म्हणत, "रिफ्रॅक्टरी." कारखान्यातल्या त्यांच्या शॉपच्या, म्हणजे विभागाच्या, दारावरच्या पाटीवर तो शब्द होता, गेटपासवर होता, युनियनच्या डायरीत त्यांच्या नावापुढे होता. पस्तीस वर्षं रोज पाहून तो त्यांना एखाद्या माणसाच्या चेहऱ्यासारखा पाठ झाला होता.

देवीदास उके हे त्यांचं नाव. भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ त्यांचं गाव. चौथीपर्यंत मराठी शाळा झाली, मग वडील वारले आणि शाळा सुटली. त्यांचे मामा शेषराव रेल्वेत गँगमन होते, त्यांनी एकोणीस वर्षांच्या भाच्याला भिलाईला आणलं. आधी ठेकेदाराकडे विटा वाहिल्या. त्र्याऐंशी साली पोलादाच्या प्लांटमध्ये पक्के झाले आणि रिफ्रॅक्टरी विभागात ब्रिक मेसन, म्हणजे विटा लावणारे गवंडी, म्हणून लागले.

या विभागाचं काम बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. पोलाद वितळवून ज्या प्रचंड बादलीत ओततात तिला लॅडल म्हणतात. ती बादलीसुद्धा लोखंडाचीच, त्यामुळे आतून खास विटांचं अस्तर लावलं नाही तर पोलादाबरोबर तीही वितळून जाईल. त्या विटा आग सहन करतात, पण कायमच्या नाही. काही फेऱ्यांनंतर झिजतात. मग लॅडल थोडी थंड झाली की मेसन आत उतरून जुन्या विटा फोडतात आणि नव्या लावतात. थंड म्हणजे किती थंड, ते बाबांच्या तळव्यांना विचारावं. दहा-बारा किलोची एकेक वीट. दोन विटांच्या सांध्यात पोस्टकार्डसुद्धा जाता कामा नये, असं ते सांगत. एकदा मी विचारलं, गेलं तर काय होईल? ते म्हणाले, पोस्टकार्ड गेलं तिथून पोलाद जाते.

शाळेत नाव घालण्याआधी मला हा शब्द त्यांनीच शिकवला. सेक्टर सातच्या क्वार्टरमध्ये भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, त्याच्याखाली बसवून ते मला गेटपास दाखवत. मी अक्षरं जुळवायची, ते मान डोलवायचे. माझा भाऊ अमरदीप माझ्याहून चार वर्षांनी लहान, पुढे त्याच्याबरोबर हाच खेळ झाला तेव्हा त्याला कंटाळा यायचा. मला मात्र गोडी लागली. शाळेत इतर पोरं कॅट आणि रॅट लिहीत होती तेव्हा मी पाटीवर रिफ्रॅक्टरी लिहिलं. बाईंनी मुख्याध्यापकांना बोलावून आणलं. घरी येऊन मी ते सांगितलं तर बाबा एवढे खूश झाले की त्यांनी आईला, म्हणजे चंपाबाईंना, दुसऱ्यांदा चहा करायला लावला.

इंग्रजी माझ्या हाताला तिथून लागलं. बारावीत आले, बी.ए. केलं, दुर्गच्या कॉलेजात इंग्रजीत पहिली आले. दुसऱ्या वर्षाला असताना लायब्ररीतला मोठा शब्दकोश चाळत होते, तेव्हा आपल्या घरचा शब्द सापडला. विटेचा अर्थ होता, पण तो खाली होता. वर वेगळंच लिहिलं होतं. हे मुळात विशेषण आहे. हट्टी, कोणाला न जुमानणारा, ताब्यात न येणारा. हट्टी पोर, अडून बसलेलं खेचर, अशी उदाहरणं होती. भट्टीत न वितळणाऱ्या धातूला माणसांनी तेच विशेषण लावलं, आणि मग विटेला. मला गंमत वाटली. घरी जाऊन सांगेन असं ठरवलं आणि विसरून गेले.

दोन हजार सातच्या जूनमध्ये हैदराबादच्या विद्यापीठाचं पत्र आलं. एम.ए.ला माझी निवड झाली होती, राहण्याची सोय आणि शिष्यवृत्ती धरून. भिलाईतून त्या वर्षी मी एकटीच होते. बाबांनी पत्र हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि विचार करून सांगतो म्हणाले. मग ते पत्र तीन दिवस त्यांच्या डब्याच्या पिशवीत होतं. रोज प्लांटला जायचं आणि रोज परत यायचं. चौथ्या दिवशी जेवताना त्यांनी सांगितलं, जायचं नाही.

मी कारण विचारलं. त्यांनी दिलं नाही. मी रडले, जेवले नाही, आईला मध्ये घातलं. आई बोलायला गेली तर ते उठून बाहेर जाऊन उभे राहिले. ज्या घरात दिवसातून चार वेळा शिका म्हणून सांगितलं जायचं, त्या घरात हे चाललं होतं. शेवटी एका संध्याकाळी ते मोरीवर हात धूत होते, तेव्हा मी मागून म्हणाले, "बाबा, तुम्ही रिफ्रॅक्टरी आहात. पक्के रिफ्रॅक्टरी."

मला तो शब्द दगडासारखा मारायचा होता. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि चक्क हसले. "अवं, ते तं मी आहोच," म्हणाले. "चोवीस वर्स झाले."

मी आत गेले आणि पत्र फाडलं.

त्यानंतर आमच्यात भांडण असं राहिलं नाही. मी रायपूरच्या विद्यापीठातून बाहेरून परीक्षा देऊन एम.ए. केलं आणि नेहरू नगरला एका कोचिंगमध्ये लागले. बँक, रेल्वे, व्यापम अशा परीक्षांसाठी तिथे पोरं येतात. माझ्याकडे शब्दसंग्रह आला. रोज वीस अनोळखी शब्द, त्यांचा अर्थ, वापर आणि एक वाक्य. पोरांना मी आवडायचे. लग्नाच्या गोष्टी झाल्या, दोन ठिकाणी पोचून परत आल्या, मग कोणी काढेनासं झालं. अमरदीप इंजिनिअर होऊन पुण्याला गेला. बाबा आणि मी एका घरात राहत होतो, एकत्र जेवत होतो, पण हैदराबाद हे नाव कोणी घेत नव्हतं. टीव्हीवर बातमीत आलं तर आई चॅनेल बदलायची.

वर्षातून दोनदा तरी माझ्या यादीत तो शब्द यायचा. मी पोरांना सांगायचे की विशेषण एकच आहे, त्याच्यापुढे कोण उभं आहे त्यावर सगळं. वीट उभी असेल तर ते कौतुक आहे, माणूस असेल तर तक्रार. पोरं वहीत हिंदीत लिहायची, जिद्दी, अडियल. वाक्य म्हणून मी नेहमी एकच द्यायचे: माझे वडील रिफ्रॅक्टरी आहेत. पोरं हसायची. त्यांना वाटायचं मॅडम विनोद करतात. तेरा-चौदा वर्षं मी दरवर्षी नव्या पोरांसमोर माझ्या बापाची तक्रार केली.

दोन हजार अठरात बाबा निवृत्त झाले. क्वार्टर सोडून आम्ही दुर्गला मोहन नगरात दोन खोल्यांचं घर घेतलं. बाबा सकाळी विहारात झाडायला जात, संध्याकाळी जुन्या मंडळींबरोबर बसत. बावीस सालच्या थंडीत एक दिवस ते विहाराच्या पायऱ्यांवरच बसले आणि उठेनात. लोकांनी रिक्षात घालून आणलं. ओठ पांढरे, नखं पांढरी. लॅडलच्या तोंडाशी बारा-बारा किलो उचललेला माणूस आता दाराचा उंबरा चढताना थांबायचा.

रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन पाचाच्या थोडं वर. लोहाच्या गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. रक्त चढवलं की दोन आठवडे चेहऱ्यावर रंग यायचा आणि मग उतरायचा. शेवटी रायपूरला नेऊन हाडातला मगज तपासला. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी बाबांना वजन करायला पाठवलं आणि मला थांबवून घेतलं. तरुण होते, माझ्याहून लहान. म्हणाले की हाडात रक्त तयार होणं बिघडलंय, औषधाला दाद देत नाही, आणि या वयात मोठा उपचार झेपणार नाही. रक्त देत राहू. वर्ष, फार तर दीड.

फाईल बाबांच्या हातात होती. बसमध्ये त्यांनी ती उघडली आणि मला कोपर मारलं. पहिल्याच पानावर, निदानाच्या ओळीत, त्यांचा शब्द होता. रिफ्रॅक्टरी ॲनिमिया.

"पाय वं," ते त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "डाक्टरनं आपलं डिपार्टमेंट लिहून देल्लं."

मी पाहिलं. त्यांचा चेहरा कित्येक महिन्यांत तसा दिसला नव्हता. ते सांगू लागले की डॉक्टर हुशार आहे, मी काय काम केलं ते त्याने आधी विचारून घेतलं होतं. आता जिथं जाऊ तिथं समजेल की हा माणूस आगीतून आलेला आहे, ऐरागैरा नाही. मी खिडकीबाहेर पाहत म्हणाले, हो, बाबा.

एवढंच बोलले. तेव्हा वाटलं, आज राहू दे, उद्या सांगू. उद्याचं पुढे आठ महिने झालं.

त्या आठ महिन्यांत त्यांनी ती फाईल सगळ्यांना दाखवली. विहारात दाखवली, शेजाऱ्यांना दाखवली. रक्तपेढीच्या खिडकीवर कागद देताना ते पान वर करून देत आणि हिंदीत सांगत, "मैं रिफ्रैक्टरी का आदमी हूँ." खिडकीतली मुलगी एकदा त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली. मी मान खाली घातली. आईला मी खरं सांगितलं होतं. आई म्हणाली की मानूस खुश आहे तं राहू दे. आम्ही दोघींनी मिळून ते राहू दिलं.

कोचिंगमध्ये मात्र मला ते जमेना. मार्चच्या बॅचला यादीत तो शब्द आला तेव्हा मी फळ्यावर लिहिला, विटेचा अर्थ सांगितला, माणसाचा सांगितला. वाक्य द्यायची वेळ आली तेव्हा मी खडू खाली ठेवला. म्हणाले, वाक्य तुम्हीच करा. दुसऱ्या बाकावर निशा म्हणून मुलगी बसायची, नर्सिंग झालेली, सरकारी भरतीची तयारी करत होती. तिने हात वर केला. "मॅडम, हॉस्पिटल में भी लिखते हैं," ती म्हणाली. "जिस बीमारी पर दवा काम न करे." शाबास म्हणाले, बरोबर आहे, तिसरा वापर लिहून घ्या सगळ्यांनी. मग पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले आणि जिन्यात उभी राहिले.

बाबांना खरं कळलं ते माझ्याकडून नाही. रक्त चढवायला जायचं तिथे चार खाटांची खोली होती. बाजूच्या खाटेवर तुळसाबाई यायच्या. उतई गावच्या, चाळिशीतल्या, माहेर गोंदियाकडचं, म्हणून आमच्यासारखंच बोलायच्या. त्यांचा आजार वेगळा होता, अंगावर निळे डाग उठायचे. बाबांची आणि त्यांची चांगली गट्टी जमली होती. त्या दिवशी मी खालून औषध घेऊन दारात आले तर बाबा एक हात सुईला बांधलेला, दुसऱ्या हाताने तुळसाबाईंच्या फाईलकडे बोट करत होते. फाईल खाटेवर उघडी पडली होती.

"तुमचे घरचे बी रिफ्रॅक्टरीत होते काय?" त्यांनी आनंदानं विचारलं. "कोन्या शॉपमंधी?"

तुळसाबाई गोंधळल्या. "नाही जी, काका. आमच्या मालकाचा ऑटो आहे. प्लांटमंधी आमचं कोनीच नाही."

बाबा त्या ओळीकडे पाहत राहिले. मग त्यांनी उशीखालून आपली फाईल काढली, आपलं पान उघडलं आणि एकदा तुळसाबाईंच्या फाईलकडे, एकदा आपल्या फाईलकडे पाहिलं. दहा अक्षरं तीच. त्यांनी फाईल मिटली. मी आत आले तेव्हा ते डोळे मिटून पडले होते. दुसऱ्या दिवशी विहारातून कोणी भेटायला आलं तर पहिल्यांदाच फाईल बाहेर निघाली नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी क्लासहून येऊन स्कूटी लावत होते. त्यांनी मला बोलावलं, समोरच्या स्टुलावर बसायला सांगितलं. आई दारात भाजी निवडत होती.

"सुजाता, त्या शब्दाचा अर्थ काय आहे?"

मी म्हणाले, "तुम्हाला माहीत आहे ना, बाबा. आग सहन करणारी वीट."

"विटेचा नाही विचारून राहिलो. तुळसाबाईच्या फायलीतल्याचा विचारून राहिलो."

आईचे हात थांबले. मी तिच्याकडे पाहिलं, पण तिनं मान वर केली नाही. मग मी सांगितलं. आजाराला लावला की त्याचा अर्थ, औषध देतात पण आजार औषधाचं ऐकत नाही. त्यांनी मान हलवली, जणू काम समजावून घेत होते.

"आन मानसाले लावला तं?"

मी स्कूटीची किल्ली पर्समध्ये टाकू लागले. त्यांनी पुन्हा विचारलं.

"हट्टी," मी म्हणाले. "कोणाचं न ऐकणारा."

रस्त्यावरून कोणी ओळखीचं गेलं, बाबांना हात केला, त्यांनीही हात केला. मग ते म्हणाले, "हैदराबादच्या टायमाले तू मले म्हणलं होतं. हेच म्हणलं होतं ना?"

"हो."

"मी हासलो होतो," ते म्हणाले.

सोळा वर्षांनी मला त्या वेळचा त्यांचा चेहरा दिसला, मोरीवरून मागे वळलेला. मी म्हणाले की बाबा, मी रागात होते, पोर होते. ते म्हणाले की नाही, बरोबरच म्हणलं होतं. आणि मग आपण होऊन, मी न विचारता, त्यांनी ते कारण सांगितलं.

ते पत्र त्यांना वाचता येत नव्हतं. सगळं इंग्रजी, खाली शिक्का, वर कसलंतरी चिन्ह. तीन दिवस ते पिशवीत घेऊन फिरले की कोणाकडून तरी वाचून घेऊ. शॉपमध्ये फोरमनसाहेब होते, युनियनचे लोक होते. रोज जेवणाच्या सुट्टीत पत्र बाहेर काढायचे आणि पुन्हा आत ठेवायचे. बी.ए.ला पहिल्या आलेल्या पोरीचा बाप म्हणून सगळे त्यांना मान देत होते. त्या बापाला पोरीचं पत्र वाचता येत नाही, हे कोणाला कसं सांगायचं?

"पोरगी कुठं जाऊन राहिली तेच बापाले समजे ना," ते म्हणाले. "तं तिले पाठवू कसा? म्हणून नाही म्हणून टाकलं."

"मला विचारायचं होतं, बाबा. मी वाचून दाखवलं असतं."

"तुलेच विचाराची लाज वाटे."

आई भाजी घेऊन आत गेली. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. मी त्या तीन दिवसांचा विचार करत होते. त्या तीन दिवसांत मी घरात होते. ते कामावरून यायचे तेव्हा मी पाणी द्यायचे. पत्राचं काय झालं, असं त्यांना मीही एकदा विचारलं नव्हतं, कारण मला वाटत होतं की त्यांनी सगळं समजून घेतलंय आणि ते मुद्दाम लांबवतायत. त्यांना इंग्रजी येत नाही हे मला काय माहीत नव्हतं? त्या घरात ते सगळ्यात जास्त मलाच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फाईल माझ्या हातात दिली आणि म्हणाले, आता पूरी वाच. पहिल्या पानापासून. आम्ही रोज संध्याकाळी दोन-तीन पानं घ्यायचो. मी इंग्रजी वाचायचे, मग मराठीत सांगायचे. कुठे मी शब्द मऊ केला तर त्यांना लगेच समजायचं, विटेचा सांधा ओळखणारे डोळे होते ते. "इथं तू काही खाल्लं," म्हणायचे, आणि मला परत मागे जावं लागायचं. वर्ष, फार तर दीड, हेही मी सांगितलं. त्यातले आठ महिने होऊन गेले होते. त्यांनी बोटांवर मोजलं नाही. एवढंच म्हणाले की अमरदीपला सांग, दिवाळीले चार दिवस जास्त काढून ये.

त्यानंतर ते काही हळवे झाले असं नाही. आईवर ओरडायचे, पंखा कमी करा म्हणायचे. पण एक दिवस, रक्त चढवून आल्याच्या तिसऱ्या सकाळी, अंगात जरा जोर होता, तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून तयार होऊन बसले. म्हणाले, तुझा क्लास पाहायचा आहे. चौदा वर्षांत ते कधी आले नव्हते. मी स्कूटीवर मागे बसवून त्यांना नेहरू नगरला नेलं. जिना चढायला आम्हाला वीस मिनिटं लागली, प्रत्येक वळणावर थांबत. पोरांना मी सांगितलं की हे माझे वडील आहेत. पोरं उभी राहिली. बाबा शेवटच्या बाकावर जाऊन बसले. एकानं त्यांना वही दिली, दुसऱ्यानं पेन.

त्या तासाला मी काय शिकवलं ते आता आठवत नाही. बाबा फळ्यावरचे शब्द उतरवून घेत होते, अक्षर म्हणून नाही, चित्र काढावं तसे, एकेक रेघ जोखून. वीसपैकी सहा-सात झाले. मध्ये एकदा डोकं बाकावर टेकवून त्यांनी विसावा घेतला आणि मग पुन्हा पेन धरलं.

परत येताना महामार्गावर ट्रकांचा आवाज होता, म्हणून ते माझ्या कानाशी तोंड आणून बोलले. मला वाटलं काही मोठं बोलतील. ते म्हणाले, "तू जोरानं बोलत नाही. मांगच्या पोराईले आयकू येत नाही."

मी म्हणाले, उद्यापासून जोरानं बोलेन.

दिवाळीला अमरदीप आला, ठरल्यापेक्षा दोन दिवस जास्त राहिला. जानेवारीत बाबांना ताप आला. साधा ताप म्हणून गेलो, तर डॉक्टर म्हणाले की आता अंगात लढायला काही उरलेलं नाही. तीन दिवस ऑक्सिजन होता. चौथ्या दिवशी सकाळी साडेदहाला, मी त्यांचे पाय दाबत असताना, ते गेले. पायाचे तळवे शेवटपर्यंत कडक होते, टाचेला भेगा. मला बराच वेळ समजलंच नाही, मी दाबतच राहिले. सिस्टरनं येऊन माझा हात धरला.

लोक खूप आले. प्लांटची माणसं आली, ज्यांना मी लहानपणापासून काका म्हणत होते, आता सगळी वाकलेली. विहारात वंदना झाली. आईनं कोणापुढे डोळ्यांतून पाणी काढलं नाही. सगळे गेल्यावर ती त्यांच्या शर्टांच्या घड्या घालत बसली, पुन्हा पुन्हा, घातलेल्याच उलगडून. अमरदीपनं तिला पुण्याला चल म्हटलं. ती म्हणाली, सुजाता एकटी कशी राहील? मी म्हणणार होते की राहीन, पण त्याऐवजी आईसमोर बसून एका शर्टाची घडी घालू लागले.

दहाव्या दिवशी मी क्लासला गेले. कोचिंगच्या मालकांनी पोरांना सांगून ठेवलं होतं, त्यामुळे सगळी नको तितकी शांत होती. तास सुरू होऊन पाच मिनिटं झाली असतील, तेवढ्यात दारात निशा उभी राहिली. तिची बॅच संपून महिने झाले होते, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. स्टाफ नर्सच्या भरतीत तिची निवड झाली होती, जगदलपूरला. हातात पेढ्यांचा डबा होता. ती थेट माझ्याकडे आली, पाया पडली आणि एक पेढा माझ्या तोंडाशी आणला.

पोरं श्वास रोखून पाहत होती. पुढच्या बाकावरच्या मुलीनं निशाला खूण करायला हात उचलला होता. मी त्या मुलीकडे पाहून नको म्हणून मान हलवली आणि तोंड उघडलं. पेढा ताजा होता, वेलदोड्याचा. मी तो पूर्ण खाल्ला. रुजू कधी व्हायचं आहे ते विचारलं, राहायची सोय झाली का ते विचारलं, घरचे काय म्हणाले ते विचारलं. ती सांगत होती की पप्पा दोन दिवसांपासून नियुक्तीचं पत्र खिशात घेऊन फिरतायत, मोहल्ल्यात सगळ्यांना दाखवतायत.

ती गेल्यावर मी फळ्याकडे वळले आणि पहिला शब्द लिहिला. मग मागे वळून विचारलं, शेवटच्या बाकापर्यंत आवाज येतोय का? येतोय, मॅडम, असं सगळी एकदम म्हणाली.